वांगं सोडलं, बिडी राहिली

मूत्राशयाचा कर्करोग निघाला, दुर्बिणीतून गाठ काढली, डिस्चार्जचा कागद हातात पडला, की आमच्या कोल्हापुरात पुढचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, पथ्य काय?" गल्लीतल्या आण्णांनीही तोच विचारला. घरी आल्यावर वांगं बंद, आंबट बंद, रविवारचा तांबडा रस्सासुद्धा बंद. दोन महिन्यांनी भेटले तेव्हा अभिमानानं म्हणाले, "समदं पाळतोय बघ. बिडीबी दहावरनं चारवर आणलीया."

वांग्यानं हा रोग होत नाही. बिडीनं होतो.

बिडीचा संबंध छातीशी, हे सगळ्यांना पटतं. लघवीशी कसा, ते पटत नाही. धुरातली अरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं फुप्फुसातून रक्तात उतरतात, यकृतातून फिरतात, मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात येऊन थांबतात. खरी गोम या थांबण्यात आहे. मूत्राशय म्हणजे टाकी. लघवी तिथं तासन्‌तास साठते, रात्री तर जास्तच, आणि तेवढा वेळ टाकीचं अस्तर त्या रसायनांत भिजत पडतं. याच कुळातल्या रसायनांचा सुगावा 1895 मध्ये लागला होता: फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांना रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी सापडल्या. म्हणून इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या कामात वर्षं काढली असतील, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता ते सांगावं. पण आज या रोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांमागे विडी-सिगारेटच असते. तंबाखूची निपाणी आपल्यापासून तासाभरावर. बिडी इथं पाहुण्यासारखी नाही, घरच्यासारखी वावरते.

"आता झालाच आहे, सोडून काय उपयोग?" हा प्रश्न आण्णांचाही होता. उपयोग आहे. निदानाच्या वेळी चारातल्या तिघांचा रोग अस्तराच्या वरच्या थरातच असतो, स्नायूत शिरलेला नसतो. तो काढता येतो, पण त्याची खोड अशी की तो पुन्हा पुन्हा उगवतो. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत तो जास्त उगवतो. आणि निम्म्यावर आणणं म्हणजे सोडणं नव्हे. कमी बिड्या ओढणारा माणूस प्रत्येक बिडी जास्त खोल ओढतो. 1800-11-2356 हा सरकारी टोल फ्री क्रमांक तंबाखू सोडायला मदत करतो. मिश्रीचा मूत्राशयाशी संबंध धुराइतका स्पष्ट नाही, तोंडाच्या कर्करोगाशी मात्र पक्का आहे. तेव्हा तीही नकोच.

बाकीचं पथ्य सैल आहे. पाणी भरपूर प्यावं. त्यानं रोग परतायचा थांबतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही, पण दुर्बिणीनंतरची जळजळ कमी होते. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून. बीसीजीचं औषध (हो, तीच क्षयाची लस) मूत्राशयात सोडतात, तेव्हा दोन तास लघवी धरायची असते. त्यामुळे आधीचे काही तास पाणी कमी, नंतर भरपूर. पुढचे सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. त्या दिवसांत तिखट, चहा, दारू यांनी आग वाढू शकते. ती ओसरली की तांबडा रस्सा खुशाल घ्या. मिरचीनं कर्करोग परत येतो असा पुरावा नाही.

मला खरी भीती वाटते ती "ताकदीच्या" गोळ्यांची. ब्रिटनमधल्या एका चाचणीत सेलेनियमनं या रुग्णांना फायदा झाला नाही, आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत रोग परतण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. झाडपाल्याचंही तेच. सापसण, म्हणजे ईश्वरी, हिच्या कुळातल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रमार्गात कर्करोग घडवतं. मधुमेह्यांनी आपल्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का ते पाहावं आणि मूत्राशयाच्या रोगाबद्दल त्या डॉक्टरांना सांगावं. गोळी मनानं मात्र बंद करू नये.

चालणं हवंच. रंकाळ्याची फेरी उत्तम, पण वाटेत स्वच्छतागृह कुठं आहे ते आधी हेरून ठेवावं. घाईची लघवी हे या रुग्णांचं नित्याचं दुखणं. पुन्हा लाल लघवी झाली तर "उन्हाळी लागली" म्हणत सब्जा पीत बसू नये. न दुखता रक्त जातं आणि आपोआप थांबतं, हीच तर या रोगाची फसवी चाल. आणि काही त्रास नसला तरी दुर्बिणीची तारीख चुकवायची नाही.

आण्णांची तारीख दसऱ्यानंतर आहे. काकूंनी कालनिर्णयावर तिला लाल गोल केलाय, आणि गणपतीपासून बिडीविना गेलेल्या प्रत्येक दिवसावर त्या एक उभी रेघ मारतात. मधल्या दोन चौकोनांत रेघ नाही. त्यावर आण्णा काही बोलत नाहीत.