रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका

कोल्हापूर शहरापासून कागल-गडहिंग्लजपर्यंत बौद्धिक दिव्यांग मुलांच्या घरांत एक समजूत वर्षानुवर्षं ऐकू येते: ‘या पोरांचे दात मुळातच कच्चे. ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून नुसती चूळ भरून घ्यायची.’ हे चूक आहे, आणि त्याची किंमत ते मूल भोगतं.

रक्ताचं मूळ कारण ब्रश नव्हे. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचतो, हिरडी सुजते आणि नुसत्या स्पर्शानेही रक्ताळते. चूळ भरून तो थर निघत नाही. मऊ ब्रशने रोज दोनदा हळुवार घासलं, तर बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं. नाही झालं, तर दंतवैद्याला दाखवा.

डाऊन सिंड्रोममध्ये हिरड्यांचा आजार लवकर होतो, हे खरं. फिट्सवरच्या फेनिटॉइन या औषधाने हिरड्या वाढू शकतात, हेही खरं. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. म्हणजे या मुलांना स्वच्छता कमी नव्हे, जास्त लागते.

मूल तोंड उघडत नसेल तर जबरदस्ती नको. खुर्चीवर बसवा, मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या अंगाशी टेकवा, बोटाने ओठ बाजूला करा. थुंकता येत नसेल तर फ्लोराइडची पेस्ट अगदी पुसटशी घ्या. मशेरी मात्र अजिबात नको, ती तंबाखूच आहे. आणि बोलता न येणारं मूल अचानक जेवण टाकत असेल, गालावर मारून घेत असेल, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याची दाढ बघा.