आयात-निर्यातीची कागदपत्रे

माल एका देशातून दुसऱ्या देशात जाताना विक्रेता, खरेदीदार, जहाज कंपनी, बँक, विमा कंपनी आणि दोन्हीकडची सीमाशुल्क खाती यांच्यात फिरणारा कागदपत्रांचा संच. यांपैकी बहुतेकांना माल प्रत्यक्ष दिसत नाही. त्यांचे निर्णय कागदावरून होतात. त्यामुळे प्रत्येक कागद स्वतंत्रपणे बरोबर असून भागत नाही, सगळे कागद एकमेकांशी जुळावे लागतात. नवख्या व्यापाऱ्याला एखादा कागद राहून जाण्याची धास्ती असते. खरे तर दोन कागदांवर दोन वेगळी वजने असणे अधिक घातक, कारण ते माल बंदरात पोहोचल्यावरच उघड होते आणि तोवर विलंबशुल्क चढू लागलेले असते.

संचाचा पाया म्हणजे बीजक, अर्थात इन्व्हॉइस. मालाचे वर्णन, नग, दर, चलन आणि विक्रीची अट त्यात येते. ही अट सहसा ‘इन्कोटर्म्स’मधली असते. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने हे नियम प्रथम १९३६ मध्ये काढले. २०२० च्या आवृत्तीत ११ अटी आहेत. ‘एफओबी’ असेल तर जहाजभाडे खरेदीदार भरतो, ‘सीआयएफ’ असेल तर भाडे आणि विमा दोन्ही विक्रेत्याकडे. मात्र सीआयएफमध्येही माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. कोणत्या खोक्यात काय आहे आणि निव्वळ व ढोबळ वजन किती, हे पॅकिंग लिस्ट सांगते.

वर्णनाबरोबर एचएस कोड लागतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही वर्गवारी १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. तिचे पहिले सहा अंक जगभर समान असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले जोडतो. नुसते ‘कॉफी’ लिहून का चालत नाही ते इथे कळते : कॅफिन न काढलेली कॉफी कच्ची असेल तर ०९०१.११, भाजलेली असेल तर ०९०१.२१. शुल्काचा दर आणि आयातीवरची बंधने या अंकांवर ठरतात.

सर्वांत वजनदार कागद बिल ऑफ लेडिंग, व्यापारातल्या बोलीत ‘बीएल’. जहाज कंपनीला माल मिळाल्याची ती पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालावरील हक्काचा दस्तऐवज असते. पाठीमागे सही करून हा हक्क दुसऱ्याच्या नावे करता येतो. इंग्लंडमधील ‘लिकबॅरो विरुद्ध मेसन’ खटल्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस ही व्यापारी प्रथा मान्य झाली. म्हणूनच माल समुद्रात असतानाच विकता येतो किंवा बँकेकडे तारण ठेवता येतो. बीएल सहसा तीन मूळ प्रतींत निघते. एक देऊन माल सोडवला की उरलेल्या दोन निरर्थक ठरतात. ‘पिंपे गळकी’ असा शेरा पडला तर ती ‘क्लीन’, म्हणजे दोषाचा शेरा नसलेली, राहत नाही आणि बँक ती नाकारते. विमानाच्या एअर वेबिलला मात्र हक्काच्या दस्तऐवजाचा दर्जा नाही.

पतपत्रावर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद सादर झाल्यास पैसे देण्याची बँकेची हमी) व्यवहार असेल तेव्हा काटेकोरपणाची खरी कसोटी लागते. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या ‘यूसीपी ६००’ नियमांनुसार बँकेचा संबंध कागदांशी असतो, मालाशी नव्हे. सहसा माल चढल्यापासून २१ दिवसांत आणि पतपत्राची मुदत संपण्याआधी कागद सादर करावे लागतात; तपासणीला बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस मिळतात. इन्व्हॉइसमधले वर्णन पतपत्राशी जुळलेच पाहिजे. इतर कागदांवर ते ढोबळ असले तरी चालते, फक्त विसंगत नको. माल ३० जूनपर्यंत चढवायचा असताना बीएलवर २ जुलै ही तारीख आली, तर माल उत्तम असूनही बँक पैसे नाकारू शकते. अशा वेळी मागची तारीख टाकून घेणे ही सरळसरळ फसवणूक आहे. पतपत्राची अट वेळेत दुरुस्त करून घेणे हाच योग्य मार्ग.

बाकीचे कागद मालावर अवलंबून असतात. व्यापार कराराची शुल्कसवलत हवी असेल तर उगमाचा पुरावा लागतो. वनस्पतींना आरोग्य प्रमाणपत्र, तर संरक्षित प्रजातींना १९७३ च्या ‘साइटिस’ कराराचा परवाना. लाकडी खोक्यांना आयएसपीएम १५ ची, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, खूण लागते. ती कागदावर नसून फळीवरच उमटवलेली असते. कंटेनरचे पडताळलेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, हा नियम १ जुलै २०१६ पासून आहे.

बाकी कागद इलेक्ट्रॉनिक होणे सोपे गेले, बीएल अडून राहिली. फाइलच्या कितीही प्रती निघतात. हक्क मात्र एकाच वेळी एकाच्याच ताब्यात हवा. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१७ मध्ये यासाठी आदर्श कायदा तयार केला आणि ब्रिटनने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला. मात्र संबंधित देशांतला कायदा ही इलेक्ट्रॉनिक नोंद मानत नसेल, तर व्यापारी अजूनही कागदी मूळ प्रतीच मागतात.