घरच्या पवनचक्कीचा टॉवर: सगळा खेळ तणाव्यांचा

घरी पवनचक्की बसवायची म्हटलं की लोक आधी पाती किती मीटरची, मशीन किती वॅटचं, बॅटरी कुठली हेच विचारतात, टॉवरचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि तोही "एक पाइप उभा करू की" इतक्यावर आटोपतो. मला हे अगदी उलटं वाटतं, आधी टॉवर ठरवा मग मशीन, कारण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. 4 मीटर प्रति सेकंदाचा वारा 5 झाला तर ताकद जवळजवळ दुप्पट होते (4 चा घन 64, 5 चा 125, करून बघा) आणि हा जास्तीचा एक मीटर बऱ्याचदा नुसत्या उंचीतून मिळतो. शिवाय घरं आणि झाडं यांच्यामागे वारा फक्त मंदावत नाही, तो घुसळून निघतो, त्या भोवऱ्यात पवनचक्की सारखी तोंड फिरवत बसते, वीज कमी देते आणि बेअरिंग लवकर घालवते. म्हणून साधारण नियम असा आहे की आजूबाजूच्या 150 मीटरमध्ये जे काही सगळ्यात उंच असेल त्याच्या वर किमान 9 मीटर पात्यांचं खालचं टोक पाहिजे. झाडं वाढतात हेही त्यात धरायचं.

आता एवढा उंच खांब स्वतःच्या जोरावर उभा ठेवायचा तर तो जाडजूड लागतो आणि पायाही मोठा लागतो. त्यापेक्षा बारीक पाइप घ्यायचा आणि तंबूला असतात तसे चार बाजूंनी तणावे लावायचे, म्हणजेच गाय वायर. वारा आडवा ढकलतो तो जोर तार घेते, पाइपला फक्त वरून दाब सोसायचा असतो. लांब बारीक पाइप दाबाखाली तुटायच्या आधी मधेच वाकतो आणि याचं गणित लिओनार्ड ऑयलरने 1744 सालीच मांडून ठेवलंय: मोकळी लांबी अर्धी केली की वाकवायला चौपट भार लागतो. म्हणूनच फक्त टोकाशी तणावे लावून भागत नाही, मधेही तणाव्यांचे एक-दोन मजले द्यावे लागतात. सगळ्यात वरचा मजला मात्र पात्यांच्या घेऱ्याच्या खालीच ठेवायचा, नाहीतर पातं तारेवर आपटेल.

तणावा बुंध्यापासून किती लांब रोवायचा यावर जागेची काटकसर करणारे बरेच जण फसतात. समजा तार 14 मीटर उंचीवर बांधलीय आणि अँकर (तार जिथे बांधतो तो जमिनीत गाडलेला काँक्रीटचा ठोकळा) बुंध्यापासून 8 मीटरवर आहे, तर टोकावर 100 किलोचा आडवा जोर आला की तारेत साधारण 200 किलोचा ताण येतो. अँकर 4 मीटरवर आणला की तोच ताण 360 किलोच्या वर जातो. त्यातला बराचसा हिस्सा पाइपला खाली दाबतो आणि अँकरला तितकाच वर उपसतो, म्हणून अँकरच्या काँक्रीटचं वजन महत्त्वाचं. काँक्रीट घनमीटरला सुमारे 2400 किलो भरतं पण जमिनीत पाणी साचलं तर उत्प्लावन बलामुळे त्यातले 1000 किलो हलके झाल्यासारखे होतात, हिशोब करताना ओली जमीनच धरा.

टॉवर आडवा जोडून मग उभा करायचा असेल (घरच्यासाठी हीच पद्धत मला बरी वाटते, दुरुस्तीला वर चढावं लागत नाही) तर बुंध्याशी बिजागरी येते, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बाजूचे दोन अँकर बिजागरीच्या पिनच्या सरळ रेषेत आणि तिच्याच उंचीला पाहिजेत. तसं असलं की टॉवर झोपलेला असो, अर्धा उठलेला असो की उभा, बाजूच्या तारेला लागणारी लांबी बदलत नाही. पण वरच्याच उदाहरणात बाजूचा अँकर 30 सेंटिमीटर खाली असला तर उभं राहताना त्या तारेला 26 सेंटिमीटर जास्त लांबी लागते, आणि तार काही तेवढी ताणत नाही, मग पाइप वाकतो नाहीतर अँकर उपटतो. उलट अँकर वर असला की टॉवर उठता उठता तार ढिली पडते आणि तो एका बाजूला कलायला मोकळा होतो. जमीन उताराची असेल तर लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) उंची मोजून घ्या, नजरेवर जाऊ नका!

उचलायला जिन पोल लागतो, म्हणजे बिजागरीशीच टॉवरला काटकोनात जोडलेला आखूड खांब. 15 मीटरच्या 120 किलोच्या पाइपवर 50 किलोची पवनचक्की आहे आणि ओढायची दोरी 7.5 मीटरवरच्या अँकरपासून येतेय असं समजा, तर 5 मीटरच्या जिन पोलने सुरुवातीला दोरीत जवळपास 400 किलो ताण येतो, 3 मीटरचाच घेतला तर जवळपास 600. सगळ्यात जास्त ताण टॉवर जमिनीवरून सुटतो त्याच क्षणी असतो, नंतर कमी कमी होत जातो. म्हणून तो फूटभर उचलून थांबायचं, प्रत्येक क्लॅम्प, पिन, अँकर बघायचा, मगच पुढे. टॉवर सरळ व्हायला आला की धोका बाजू बदलतो, तो ओढणाऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो, तेव्हा त्याला मागचे तणावेच धरतात, त्यांची लांबी आधीच बरोबर केलेली हवी. पहिल्यांदा पवनचक्की न लावताच नुसता टॉवर एकदा उभा करून परत खाली घ्या, तणावे तेव्हाच जुळवता येतात. आणि टॉवरच्या पडण्याच्या टप्प्यात कोणीही उभं राहायचं नाही, फोटो काढायलासुद्धा नाही. मशीन लावल्यावर उचलताना जनरेटरच्या तिन्ही वायर एकमेकींना जोडून ठेवा, त्याने ब्रेक लागतो आणि पाती जोरात फिरत नाहीत.

तारेच्या टोकाच्या फासात थिंबल (तार मुडपू नये म्हणून बसवायची खोबणीची कडी) घालून क्लॅम्प लावताना सॅडल (क्लॅम्पचा खाचेचा भाग) भार घेणाऱ्या लांब तारेवर आणि यू बोल्ट आखूड टोकावर, उलटं लावलं तर बोल्ट भाराची तार चेपून कमजोर करतो. तणावे घट्ट म्हणजे सतारीच्या तारेसारखे नकोत, जास्त ताण म्हणजे पाइपवर फुकटचा दाब. ओळंब्याने दोन बाजूंनी टॉवर सरळ आहे का बघायचं आणि टर्नबकलच्या (तार ताणायच्या फिरत्या स्क्रूच्या) मधून तार ओवून बांधून टाकायची, नाहीतर कंपनाने तो आपोआप उलगडतो. आकाशातून पडणाऱ्या विजेसाठी बुंध्याशी आणि प्रत्येक अँकरशी अर्थिंग रॉड द्या. पहिला जोराचा वारा येऊन गेला की क्लॅम्पचे नट पुन्हा आवळून घ्या, ताणाखाली तार थोडी बारीक होते आणि नट ढिले पडतात.