सक्तीची लस आणि शिफारस केलेली लस

परदेशी निघताना ‘तिथे कोणती लस लागते?’ असे आपण सहज विचारतो. पण त्या ‘लागते’मध्ये दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. सीमेवर कोणत्या लसीचा दाखला मागतील, हा एक. आणि तिथल्या मुक्कामात कोणत्या आजारांपासून आपले रक्षण व्हायला हवे, हा दुसरा.

सक्तीची लस म्हणजे प्रामुख्याने पीतज्वराची, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या ‘यलो फीवर’ची. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत, प्रवेशाची अट म्हणून ज्याच्या लसीचा दाखला मागता येतो, असा हा एकच आजार नावानिशी नमूद आहे. या सक्तीमागे मुख्यतः यजमान देशाच्या रक्षणाचा विचार असतो. आशियात पीतज्वर आढळत नाही, मात्र तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास तिथे आहे. म्हणून आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील बाधित भागांतून येणाऱ्यांकडे आशियातले अनेक देश दाखला मागतात. याची दुसरी बाजू सहसा लक्षात येत नाही. पीतज्वर असलेला एखादा देश, आजार नसलेल्या भागातून थेट येणाऱ्या प्रवाशाकडे काहीच मागत नाही, आणि अट नाही म्हणजे धोकाही नाही, असा समज होतो. माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज हाच आहे.

पीतज्वराच्या लसीचा दाखला, लस टोचून घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो आणि जुलै २०१६ पासून तो आजन्म चालतो. दाखल्याच्या कार्डावर लसीचा बॅच क्रमांक, तारीख, डॉक्टरांची सही व केंद्राचा शिक्का असतो. प्रवाशाची स्वतःची सहीही लागते आणि नेमकी तीच राहून जाते. खाडाखोड असल्यास किंवा एखादा रकाना रिकामा असल्यास कार्ड नाकारले जाऊ शकते.

हिपॅटायटिस ए, टायफॉइड, रेबीज यांच्या लसी बहुतेक प्रवाशांसाठी शिफारशीच्या गटात येतात. त्या कुणी तपासत नाही, म्हणून यादीतून गळतात. टायफॉइडच्या लसीने पूर्ण संरक्षण मिळत नाही, त्यामुळे खाण्यापिण्याची काळजी सुटत नाही. रेबीजची लस आधी घेतलेली असली, तरी प्राणी चावल्यावर जखम धुऊन पुन्हा डोस घ्यावेच लागतात. मात्र अनेक ठिकाणी मिळणे कठीण असलेल्या इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज उरत नाही, आणि दुर्गम भागात जाणाऱ्यासाठी हा फार मोठा आधार आहे. कोणती लस घ्यावी हे मुक्काम, काम, वय आणि जुने आजार यांवर ठरते. त्यासाठी निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे.

पीतज्वराची लस जिवंत विषाणूंची असल्याने प्रतिकारशक्ती फार क्षीण असलेल्यांना ती देत नाहीत. त्यांना वैद्यकीय सवलतीचे पत्र मिळते, ते मान्य करायचे की नाही हे तो देश ठरवतो. पत्र मान्य झाले तरी शरीराला संरक्षण मिळालेले नसते. बाधित भागात जाणे टाळता येत नसेल, तर अंगभर कपडे, डास पळवणारे मलम आणि मच्छरदाणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.