शिव्हॉन डाउड : चार कादंबऱ्यांच्या मागची वीस वर्षं

२००९ साली ब्रिटनमधलं बालसाहित्याचं मानाचं कार्नेगी पदक 'बॉग चाइल्ड' या किशोरवयीन वाचकांसाठीच्या कादंबरीला मिळालं, तेव्हा ते घ्यायला लेखिका हयात नव्हत्या. १९३६पासून चालत आलेल्या या पदकाच्या इतिहासात मरणोत्तर सन्मानाची ती पहिलीच वेळ होती. शिव्हॉन डाउड यांची पहिली कादंबरी २००६मध्ये आली आणि २१ ऑगस्ट २००७ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या. त्यामुळे थोड्याच काळात चमकून गेलेली लेखिका अशी त्यांची ओळख करून दिली जाते. मला ती ओळख अपुरी वाटते, कारण त्या कादंबऱ्यांची तयारी त्याआधी वीस वर्षं चालली होती.

डाउड यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९६०चा, लंडनमधला. आईवडील मात्र आयरिश. ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये त्यांनी ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्याचा अभ्यास केला. १९८४मध्ये त्या 'पेन' या लेखकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत दाखल झाल्या. तुरुंगात डांबलेल्या लेखकांची माहिती गोळा करणाऱ्या समितीत त्या संशोधक होत्या. पुढे सात वर्षं त्यांनी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन पेनसाठी काम केलं. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींच्या बचावासाठी अमेरिकेत जी समिती उभी राहिली, तिच्या स्थापनेत आणि नेतृत्वात डाउड होत्या. लेखकांवरच्या दडपशाहीची चौकशी करायला त्या इंडोनेशिया आणि ग्वाटेमालालाही गेल्या. तुरुंगातल्या लेखकांच्या लिखाणाचं त्यांनी केलेलं संकलन १९९६मध्ये आलं.

१९९८मध्ये रोमा, म्हणजे युरोपात 'जिप्सी' म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजातल्या लेखकांचं संकलन त्यांनी इतर दोघांसह संपादित केलं. हे आपल्याला दूरचं वाटायचं कारण नाही. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातली भाषा आहे. तिच्यातही पाण्याला 'पानी'च म्हणतात आणि तीनला 'त्रिन'. गावोगाव फिरणाऱ्या, कुठेच आपल्या न मानल्या गेलेल्या माणसांविषयीची डाउड यांची ओढ इथपासून दिसते. इंग्लंडला परतल्यावर गरीब वस्त्यांमधल्या शाळांत, तुरुंगांत आणि बालगुन्हेगारांच्या संस्थांत लेखकांना घेऊन जाणारा उपक्रम त्यांनी रेचल बिलिंग्टन यांच्यासह सुरू केला. २००४मध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात त्यांनी बालहक्कांच्या उपआयुक्त म्हणूनही काम पाहिलं.

मुलांसाठीच्या लेखनाची वाट त्यांना एका कथेने दाखवली. वंशभेदावरच्या एका कथासंग्रहासाठी त्यांनी आयर्लंडच्या भटक्या समाजातला मुलगा आणि गावातली मुलगी यांची गोष्ट लिहिली, आणि तिथून कादंबऱ्यांकडे वळल्या.

'अ स्विफ्ट प्युअर क्राय' ही पहिली कादंबरी १९८४च्या आयर्लंडमध्ये घडते. त्या वर्षाला संदर्भ आहे. ३१ जानेवारी १९८४ रोजी ग्रॅनार्ड गावात ॲन लव्हेट ही पंधरा वर्षांची मुलगी मेरीमातेच्या मूर्तीजवळ, उघड्यावर एकटीच बाळंत झाली. बाळ आणि ती, दोघंही दगावली. त्याच वर्षी केरी परगण्यात सापडलेल्या मृत अर्भकांच्या प्रकरणाने देश ढवळून निघाला. गर्भपातबंदी राज्यघटनेत घालून तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. डाउड यांची शेल ही नायिका याच गप्प बसवणाऱ्या समाजातली मुलगी आहे. आणि तरीही कादंबरीत त्या कुणाला खलनायक करून मोकळ्या होत नाहीत, गावातल्या तरुण पाद्र्यालाही समजून घेतात. लेखकाच्या पहिल्या बाल-किशोर कादंबरीला दिला जाणारा ब्रॅनफर्ड बोस पुरस्कार २००७मध्ये या पुस्तकाला मिळाला.

पाठोपाठ 'द लंडन आय मिस्ट्री' आली. तिच्यात लंडन आय या आकाशपाळण्यात बसलेला मावसभाऊ खाली उतरतच नाही, आणि हवामानाचं वेड असलेला, वेगळ्या पद्धतीने विचार करणारा टेड त्याचा छडा लावतो. 'बॉग चाइल्ड'मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या, ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कैद्यांच्या १९८१च्या उपोषणांचा काळ आहे. लाँग केश तुरुंगात दहा कैदी अन्नाविना मेले, तो. फर्गसचा भाऊ त्याच तुरुंगात उपोषणाला बसतो, आणि आयर्लंडच्या सीमेवर दलदलीतलं पीट, म्हणजे इंधन म्हणून जाळली जाणारी माती, खणताना फर्गसला प्राचीन काळातल्या एका मुलीचं शव सापडतं. कैद्यांची पत्रं आणि प्रकरणं वर्षानुवर्षं हाताळलेल्या बाईनेच हे लिहावं, असं वाटत राहतं. चौथी, 'सोलेस ऑफ द रोड', सांभाळासाठी ठेवलेल्या परक्या कुटुंबातून पळालेल्या मुलीची. तीही मृत्यूनंतरच छापली गेली.

आणखी एका गोष्टीची पात्रं, कल्पना आणि सुरुवात तयार होती. ती पॅट्रिक नेस यांनी 'अ मॉन्स्टर कॉल्स' या नावाने लिहिली. दोघांची कधी भेट झाली नव्हती. २०१२मध्ये या पुस्तकाला लेखनासाठी कार्नेगी आणि जिम के यांच्या चित्रांसाठी केट ग्रीनअवे अशी दोन्ही पदकं मिळाली. एकाच पुस्तकाला दोन्ही, असं पूर्वी झालं नव्हतं.

शेवटच्या दिवसांत डाउड यांनी एक न्यास स्थापन केला. ज्यांच्यापर्यंत पुस्तकं पोचत नाहीत अशा मुलांना वाचनाचा आनंद मिळावा म्हणून पुस्तकांचं मानधन त्यांनी त्याला देऊन टाकलं. भटक्या मुलाची ती पहिली गोष्टही २०१७मध्ये एमा शोर्ड यांच्या चित्रांसह स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाली. ती काढली वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी पुस्तकं करणाऱ्या प्रकाशनाने.