ब्रोशरमधली थ्री-लिंक आणि वर्कशॉपमधली थ्री-लिंक

जिम्नीच्या ब्रोशरमध्ये पुढच्या सस्पेंशनसमोर ‘थ्री-लिंक रिजिड ॲक्सल’ (रिजिड ॲक्सल म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) असं छापलेलं असतं. जिप्सीचे पुढचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवायला फॅब्रिकेटरकडे गेलात, तर तोही म्हणतो, ‘थ्री-लिंक करून टाकू.’ नाव एक, पण वस्तू दोन. सुझुकी दोन रेडियस आर्म (ॲक्सलपासून चासीकडे जाणारे जाड दांडे) आणि एक पॅनहार्ड रॉड (ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) असे तीन दांडे मोजते. फॅब्रिकेटर पॅनहार्ड धरतच नाही. त्याच्या हिशोबात खाली दोन लिंका, वर एक, आणि पॅनहार्ड वेगळा. म्हणजे गाडीखाली प्रत्यक्षात चार दांडे. हा घोळ सुटला नाही तर एकाच्या दुरुस्त्या दुसऱ्यावर केल्या जातात आणि पैसे वाया जातात.

ओळखायचं सोपं आहे. गाडीखाली आडवं होऊन दांड्याचं ॲक्सलकडचं टोक बघा. एकाच जाड आर्मला ॲक्सलपाशी पुढे-मागे दोन बोल्ट आणि दोन बुश (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या) असतील, तर तो रेडियस आर्म. दांड्याच्या प्रत्येक टोकाला एकच बोल्ट असेल, तर ती लिंक. टोयोटा लँड क्रूझर ८०, जुनी लँड रोव्हर डिफेंडर, निसान पेट्रोल या सगळ्यांना पुढे रेडियस आर्म आहेत. जीप रँग्लरची तऱ्हा तिसरीच: चार लिंका आणि पॅनहार्ड.

सगळा फरक त्या दोन बोल्टांत आहे. रेडियस आर्म ॲक्सलला दोन ठिकाणी धरतो, त्यामुळे आर्म जितका वळेल तितकं हाउसिंगही (ॲक्सलचं बाहेरचं कवच) वळायला बघतं. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर अडचण नाही. पण एक चाक दगडावर चढलं आणि दुसरं खड्ड्यात उतरलं, की डावा आर्म हाउसिंगला एकीकडे पिळतो आणि उजवा दुसरीकडे. आर्म ८०० मिमी लांब असेल आणि आर्मच्या जागी एक बाजू १०० मिमी वर, दुसरी १०० मिमी खाली गेली, तर प्रत्येक आर्म साधारण ७ अंश फिरतो, दोन्ही मिळून १४. हे १४ अंश ॲक्सलवरच्या चार रबरी बुशांनी दबून पचवायचे असतात. बुश पुरते दबले की चाक आणखी खाली येत नाही, हवेत राहतं. मेकॅनिक याला ‘ॲक्सल बांधला गेला’ म्हणतात.

हाच पीळ रस्त्यावर उपयोगी पडतो. घाटाच्या वळणावर गाडी कलंडायला लागली की हाउसिंग स्वतःच अँटी-रोल बारचं, म्हणजे कलंडणं रोखणाऱ्या दांड्याचं, काम करतं. म्हणून इथे कडक पॉलीयुरेथेन बुश घालू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. रबर दबतं, पॉली फारसं दबत नाही. मग तो पीळ ब्रॅकेटच्या वेल्डवर जातो आणि वेल्डच्या टोकाला केसासारखी बारीक चीर दिसू लागते.

रेडियस आर्मचं दुसरं दुखणं लिफ्ट केल्यावर कळतं. ८०० मिमीच्या आर्मवर गाडी ५० मिमी उचलली की आर्मचं पुढचं टोक खाली जातं, हाउसिंग पुढे झुकतं आणि साडेतीन अंशांच्या आसपास कास्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं, त्याचा मागे झुकलेला कोन) जातो. स्टिअरिंग हलकं, भिरभिरं होतं आणि वळणानंतर आपसूक सरळ येत नाही. यावर ऑफसेट बुश मिळतात, ज्यांचं भोक मध्यापासून सरकवलेलं असतं. पण ते हाउसिंग मागे फिरवतात, म्हणजे पिनियनचं (ॲक्सलमध्ये ताकद आणणाऱ्या दातेरी दांड्याचं) तोंडही खाली वळतं आणि त्याला जोडलेल्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवरचा (वळत्या सांध्यावरचा) कोन वाढतो. कास्टर मिळवला की क्रॉस तक्रार करतो. ५० मिमीपर्यंत ही तडजोड चालते. त्यापुढे नवे आर्म, किंवा चासीकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट लागतात. हे ब्रॅकेट उंच दगडाला अडकतात, हेही लक्षात ठेवा.

आता खरी थ्री-लिंक. खालच्या दोन लिंका ॲक्सलला पुढे-मागे धरतात, वरची एकटी त्याला गोल फिरू देत नाही आणि पॅनहार्ड डावी-उजवीकडे सरकू देत नाही. प्रत्येक दांड्याचं काम वेगळं, एकही जास्तीचा नाही; म्हणून चाकं उलटसुलट गेली तरी काही बांधलं जात नाही. कास्टर हवा तसा, वरच्या लिंकेचे आटे फिरवून मिळतो. बहुतेक गाड्यांत वरची लिंक एकच असण्याचं कारण जागा: दुसऱ्या बाजूला इंजिनाचा संप (खालची ऑइलची टाकी), सायलेन्सरचा पाइप किंवा स्टार्टर मोटर आडवी येते.

पण त्या एकट्या लिंकेवर किती भार येतो, हे बनवण्याआधी कागदावर काढा. अंगठ्याचा नियम असा: ॲक्सलपाशी वरच्या आणि खालच्या लिंकेतलं उभं अंतर टायरच्या उंचीच्या किमान पाव. ३१ इंची टायरला ते २०० मिमीच्या आसपास येतं. हिशोब सोपा राहावा म्हणून खालच्या लिंका ॲक्सलच्या मध्याच्या पातळीला धरू. ब्रेक दाबल्यावर पुढच्या दोन्ही टायरवर मिळून ८०० किलोचा जोर आला आणि जमिनीपासून ॲक्सलचा मध्य ३७० मिमीवर असेल, तर वरच्या लिंकेवर ८०० गुणिले ३७० भागिले २००, म्हणजे जवळपास १५०० किलोची ओढ येते. जागा नाही म्हणून अंतर १२० मिमीच ठेवलं, तर तीच ओढ २४५० किलोच्या वर जाते. गिअर टाकून चढताना हाच जोर उलटा फिरतो आणि लिंक दाबली जाते. ओढ, दाब, ओढ, दाब. यात बोल्टचं भोक आधी लंबगोल होतं आणि मग ब्रॅकेट फाटतं. वरची लिंक तुटली की ॲक्सल जागेवर फिरतो आणि प्रॉपेलर शाफ्ट बाहेर येतो.

म्हणून सामान तोलूनमापून घ्या. खालच्या लिंका दगडावर आपटतात, त्यांना ५० मिमी बाहेरचा व्यास आणि ६ मिमी जाडीची सीमलेस ट्यूब. वरच्या लिंकेला ४४ मिमी आणि ५ मिमी जाडी पुरते. ब्रॅकेट ६ मिमी प्लेटचे, बोल्ट दोन कानांच्या मध्ये. बोल्ट १४ मिमीचा, १०.९ ग्रेडचा, आणि त्याचे आटे कानाच्या भोकात येता कामा नयेत. तिथे गुळगुळीत दांडाच हवा. रॉड एंडचे (दांड्याच्या टोकाला बसणाऱ्या गोल सांध्याचे) आटे व्यासाच्या दीडपट तरी आत गेलेले हवेत आणि चेकनट घट्ट. दोन्ही टोकांना उघडे रॉड एंड लावायचा मोह टाळा. पावसाळ्यातला लाल चिखल त्यांत शिरला की ते लवकर खडखडू लागतात. चासीकडे रबरी बुश आणि ॲक्सलकडे ग्रीस भरता येणारा फ्लेक्स जॉइंट (सगळीकडे वळणारा बंद सांधा), ही जोडी जास्त टिकते आणि आवाजही कमी.

जुळवणी अशी करा. चासी सपाट फरशीवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवा, स्प्रिंग काढून टाका, ॲक्सल जॅकवर ठेवा. ब्रॅकेट नुसते टॅक मारून (वेल्डचे ठिपके देऊन) धरा. मग ॲक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली, डावं वर-उजवं खाली आणि उलट, असा चारही तऱ्हांनी फिरवून बघा. वरची लिंक आणि संप यांत २० मिमी तरी मोकळी जागा राहते का, ब्रेकचा होज ताणला जातो का, क्रॉस आवळतो का, हे प्रत्येक टोकाला थांबून तपासा. कास्टर ४ ते ६ अंशांच्या दरम्यान ठेवा. सगळं जमल्यावरच पूर्ण वेल्डिंग. जिप्सीची चासी पातळ पत्र्याची आहे. ब्रॅकेट थेट तिच्यावर न चिकटवता आधी गोल कोपऱ्यांची ४-५ मिमीची प्लेट लावून भार पसरवा. डिफरन्शियलचा गोळा ओतीव असेल तर तो आधी गरम न करता वेल्ड केला की थंड होताना तडकतो. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावरच आवळा. ॲक्सल लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पॅनहार्ड दोन्ही मांडण्यांत असतो आणि त्याचा नियमही एकच: तो आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) एकमेकांना समांतर आणि शक्य तितके सारख्या लांबीचे. उजव्या हाताच्या गाडीत स्टिअरिंग बॉक्स उजव्या चासीवर असेल, तर पॅनहार्डचं चासीकडचं टोकही उजवीकडेच. कोन जुळले नाहीत तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. पॅनहार्डशिवायची तिरप्या चार लिंकांची मांडणी पुढे बसवायची तर स्टिअरिंग पूर्ण हायड्रॉलिक हवं, म्हणजे ती निव्वळ स्पर्धेची गाडी झाली.

निवड करताना आधी एकच विचारा: गाडी ट्रेलपर्यंत स्वतःच्या चाकांवर जाणार की ट्रेलरवर? स्वतः जाणार असेल, घरची माणसं बसणार असतील, तर रेडियस आर्मच ठेवा. ५० मिमी लिफ्ट, चांगले रबरी बुश, लांबी बदलता येणारा पॅनहार्ड आणि मागच्या ॲक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप). हवेत लटकलेल्या चाकाचं दुःख लॉकर बऱ्यापैकी कमी करतो. गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेसाठी गाडी बांधत असाल, तर थ्री-लिंकला पर्याय नाही. पण ती वळणात अजिबात आधार देत नाही, म्हणून सोडता-जोडता येणारा अँटी-रोल बार त्याच वेळी बसवून घ्या. काही जण रेडियस आर्मचा ॲक्सलकडचा एक बोल्ट काढून त्या मांडणीची तात्पुरती थ्री-लिंक करतात. मोकळ्या मैदानात, कासवाच्या वेगाने हे चालतं. रस्त्यावर नाही, कारण ब्रेकचा सगळा पीळ उरलेल्या एका आर्मवर येतो.

पाट्यांच्या जागी लिंका म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल, आणि तो मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतो. विमा कंपनी अपघातानंतर त्याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते, म्हणून असं काम हातात घेण्याआधी आरटीओकडे विचारणा करा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. इंजिन चालू ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन पॅनहार्डच्या दोन्ही बोल्टांकडे बघा. बोल्टचं डोकं ब्रॅकेटवर नखभर जरी सरकताना दिसलं, तरी आधी ते भोक दुरुस्त करा आणि मगच गाडी वर्कशॉपबाहेर काढा.