आरोग्यसेवेतील वेअरेबल सेन्सर आणि मशीन लर्निंग

मनगट, बोट, छाती किंवा दंडावर घातलेल्या संवेदकांनी शरीरातील बदल सतत टिपायचे आणि मशीन लर्निंगच्या मदतीने त्या नोंदींतून आजाराची चाहूल घ्यायची, अशी ही पद्धत आहे. स्मार्टवॉच, छातीवर चिकटवायचा ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) पॅच आणि दंडावरचा ग्लुकोज सेन्सर ही तिची परिचित साधने. रुग्ण चालत-फिरत असताना हृदयाची नोंद घेण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकन संशोधक नॉर्मन होल्टर यांच्या नावाचा मॉनिटर डॉक्टर आजही रुग्णाला लावून घरी पाठवतात. नवे आहे ते या नोंदी वाचायला संगणकाने स्वतः शिकणे.

घड्याळाच्या मागच्या बाजूला लुकलुकणारा हिरवा दिवा नाडी मोजतो. रक्त हिरवा प्रकाश शोषते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालचे रक्त वाढते-ओसरते आणि परत येणारा प्रकाश त्यानुसार कमी-जास्त होतो. ऑक्सिजन मोजताना तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश वापरतात. हे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले आणि करोनाकाळात घरोघरी पोचलेला ऑक्सिमीटर त्यावरच चालतो. ग्लुकोज सेन्सर रक्तातली नव्हे, तर त्वचेखाली पेशींभोवती असलेल्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे जेवणानंतर साखर झपाट्याने चढत असेल, तर त्याचा आकडा काही मिनिटे मागे राहतो.

मशीन लर्निंगमध्ये संगणकाला नियम सांगत नाहीत. तज्ज्ञांनी आधी तपासून ठेवलेल्या हजारो नोंदी त्याला दाखवतात आणि त्यांतला आकृतिबंध तो स्वतः हुडकतो. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५३,५४९ रुग्णांच्या ९१,२३२ ईसीजी नोंदींवर शिकवलेले मॉडेल प्रसिद्ध केले. हृदयाच्या बारा प्रकारच्या लयी ओळखण्यात ते हृदयरोगतज्ज्ञांच्या तोडीचे ठरले.

प्रयोगातली अचूकता रोजच्या जगण्यात तशीच टिकत नाही. मनगट हलले की सेन्सरखालचे रक्तही हलते आणि घड्याळ कधी कधी हालचालीचाच ताल नाडी म्हणून मोजते. गणेशचतुर्थीला गोव्यात फोंड्याच्या एखाद्या घरात आरतीला घुमट (मातीचे तालवाद्य) वाजवणाऱ्याच्या मनगटावरचा आकडा त्याच्या हृदयाचा असेलच असे नाही. पावसाळ्यात दमट हवेने आणि घामाने पॅचची कड सुटते आणि नोंदीत खंड पडतो. त्वचेच्या रंगाचा मुद्दा याहून गंभीर आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, कृष्णवर्णीय रुग्णांमधील ऑक्सिजनची छुपी घट गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटल्याचे आढळले. म्हणून परदेशी नोंदींवर शिकलेले मॉडेल गोव्यातल्या माणसांवर तपासून घ्यायलाच हवे.

दुसरी अडचण निव्वळ गणिताची आहे आणि ती भल्याभल्यांना चकवते. दहा हजार जणांपैकी शंभरांना एखादा आजार आहे असे धरू. उपकरण आजारी माणसांपैकी ९५ टक्के बरोबर पकडते आणि निरोग्यांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर निरोगी ठरवते. तर ९५ जणांना खरा इशारा मिळेल आणि ४९५ निरोग्यांना उगाच. आजार जितका दुर्मीळ, तितका खोट्या इशाऱ्यांचा वाटा मोठा. म्हणूनच तरुण, ठणठणीत माणसाच्या घड्याळाने दिलेला इशारा आणि सत्तरीतल्या रक्तदाबाच्या रुग्णाला मिळालेला इशारा यांचे वजन सारखे नसते. अॅपलच्या घड्याळावरील ४,१९,२९७ जणांच्या अभ्यासात जेमतेम ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीचा इशारा मिळाला. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर ईसीजी पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) सापडले. हा दोष येतो-जातो, त्यामुळे उरलेल्यांचे इशारे खोटेच होते असे म्हणता येत नाही.

गोव्यात या तंत्राची गरज प्रामुख्याने मधुमेहासाठी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब अभ्यासानुसार राज्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. देशाची सरासरी ११.४ टक्के. उकड्या तांदळाची पेज किंवा शीतकडी-हुमण जेवल्यावर आपली साखर किती चढते, हे रुग्णाला स्वतःच्या आलेखावर दिसले की पथ्याची चर्चा नेमकी होते. मात्र सेन्सर दर काही दिवसांनी बदलावा लागतो आणि तो खर्च अनेक कुटुंबांना झेपणारा नाही. सर्वांत मोठा अडथळा हाच आहे.

इशारा मिळाल्यावर पुढे कोण पाहणार, हा प्रश्न यंत्राच्या अचूकतेइतकाच महत्त्वाचा आहे. त्या दृष्टीने गोव्याकडे एक चांगला नमुना आहे. स्टेमी (हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद पडून येणारा झटका) प्रकल्पात आरोग्य केंद्रावर काढलेला ईसीजी तज्ज्ञांकडे पाठवून हृदयविकाराच्या झटक्यावर तिथेच प्राथमिक उपचार सुरू करतात आणि रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) हलवतात. हे वेअरेबल नव्हे, पण घड्याळाच्या इशाऱ्यालाही असाच ठरलेला रस्ता लागतो. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या रुग्णाला तो आज स्वतःच शोधावा लागतो.

भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली असून निदानासाठी असलेले सॉफ्टवेअरही त्यांत मोडते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा डिजिटल कायदा आहे. घड्याळाने ईसीजी नोंदवला असेल, तर डॉक्टरांना केवळ इशारा सांगण्याऐवजी मूळ आलेख, वेळ आणि त्या वेळी जाणवलेला त्रास दाखवावा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर घड्याळ काही म्हणो, १०८ ला फोन करावा.